तळ्यात आधी कोण उतरतो?
संकटकाळातील अन्नसाहाय्य आणि आपले दिव्यांग बांधव : एक शास्त्राभ्यास

शास्त्रभाग : योहान ५:१-९, प्रेषितांची कृत्ये ६:१-७, २ शमुवेल ९



पावसाळा तोंडावर आला की आपल्या कामात धान्याचा हिशेब सुरू होतो. भामरागडजवळ पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहू लागले की पलीकडची गावे तुटतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगा फुगली. तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यातील आणि वडसा भागातील कितीतरी घरांत पाणी शिरले, साठवलेले धान भिजून गेले. जुलै २०२२ मध्ये सिरोंच्याच्या गोदावरीकाठच्या लोकांवर तीच वेळ आली. अशा वेळी तुम्ही उदार हाताने देता आणि आम्ही ते गावोगाव नेतो. या कामाबद्दल देवाचे आभार मानून या अंकात एका प्रश्नाचा अभ्यास करू या. आपण पाठवलेले धान्य गावात पोचते. पण गावातल्या ज्या माणसाला चालता येत नाही, दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्याच्या ताटात ते पोचते का? आणि पोचते तेव्हा त्याची मान ताठ राहते का?

१. बेथेसदा तळे आणि आपली रांग

यरुशलेमेतील बेथेसदा तळ्याच्या पडव्यांत आजारी, आंधळे, लंगडे असे पुष्कळ लोक पडून असत. त्यांच्यात एक मनुष्य ३८ वर्षांचा दुखणाईत होता. येशूने विचारल्यावर त्याने आपली अडचण सांगितली. पाणी हलले की त्याला तळ्यात सोडायला कोणी नसतो, आणि तो जाईजाईपर्यंत दुसराच कोणी आधी उतरतो.

या उत्तराकडे नीट पाहा. तळे सर्वांसाठी होते, त्याला कोणी मनाई केलेली नव्हती. तरी तिथली व्यवस्थाच अशी होती की ज्याचे पाय त्यातल्या त्यात धड त्याचा नंबर आधी लागावा आणि ज्याला सर्वात जास्त गरज तो शेवटी राहावा. यात वाईट कोणीच नव्हते. धावत उतरणारेही आजारीच होते.

आपली धान्यवाटपाची रांग पुष्कळदा अशीच असते. गाडी पक्क्या रस्त्यापर्यंत येते. कोतवाल दवंडी देतो किंवा कोणाच्या तरी मोबाईलवर निरोप येतो. लोक धावत येतात, दोन तासांत वाटप संपते, यादीवर अंगठे उमटतात आणि गाडी परत फिरते. आता या दोन तासांत कोण आले नाही ते मोजू या.

ज्याला ऐकू येत नाही त्याला दवंडी कळली नाही. ज्याचा पाय पोलिओने गेला आहे तो नाल्याच्या पलीकडे अडकला. जी अंध आजी फक्त माडिया बोलते, तिला मराठीतली सूचना कोणी समजावून सांगितली नाही. सिकलसेलचा त्रास असलेली मुलगी आली, पण उन्हात पाण्याशिवाय तासभर उभे राहिल्यावर तिचे सांधे धरले आणि ती घरी गेली. शरीरातले पाणी कमी झाले, थंडी लागली किंवा अतिश्रम झाले तर सिकलसेलच्या रुग्णाला असह्य वेदना सुरू होऊ शकतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा आजार अनेक घरांत आहे. मतिमंद मुलाची आई आली नाही, कारण मुलाला एकटे सोडता येत नव्हते आणि रांगेत आणले तर लोक हसतात.

आणखी एक गोष्ट मी अनेक गावांत पाहिली आहे. दिव्यांग माणसाचे धान्य शेजारी आणून देतो आणि वाहून आणल्याबद्दल त्यातला हिस्सा ठेवून घेतो, कधी पायलीभर, कधी चौथाई. शेजारीही गरीबच असतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण हिशेब असा होतो की जो सर्वात अशक्त, त्याला सर्वात कमी मिळते, आणि आपल्या रजिस्टरात मात्र सगळ्यांना सारखे मिळाल्याची नोंद असते.

आता येशूने काय केले ते पाहा. तो तळ्यापाशी जाऊन आधी कोण उतरतो ते बघत थांबला नाही. जो कधीच पोचू शकत नव्हता त्याच्याकडे तो स्वतः गेला आणि त्याच्याशी बोलायची सुरुवात प्रश्नाने केली. त्या माणसाची इच्छा काय आहे ते त्याने त्याच्याच तोंडून ऐकले. आपल्या कामासाठी यातून दोन नियम मिळतात. वाटपाची सुरुवात शेवटच्या माणसापासून करावी, आणि त्याला काय हवे ते त्यालाच विचारावे.

विचारले नाही तर काय होते, याचे एक उदाहरण देते. जिवती तालुक्यातील एका गुड्यावर कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या एका बाईला आम्ही तांदूळ, डाळ, तेल दिले. तिच्या बोटांना संवेदना नाही. चुलीवरचे गरम भांडे हाताला लागले तरी कळत नाही, फोड आल्यावर कळते. ती म्हणाली, "तांदूळ तं देता ताई, पण शिजवून कोन देते?" तिला कोरड्या शिध्यापेक्षा रोज एक वेळचे शिजलेले जेवण आणि लांब दांड्याचे भांडे यांची गरज जास्त होती. पुढे तिच्या पुतणीशी बोलून तशी सोय झाली: धान्य पुतणीच्या घरी जाते आणि दोघी एका चुलीवर जेवतात. गिळायला त्रास होणाऱ्या मुलासाठी सुका भात उपयोगाचा नसतो, पातळ पेज लागते. अंध माणसाला मीठ आणि साखर एकसारख्या पुड्यांत दिली तर चाखून पाहिल्याशिवाय कळत नाही. एका पुडीला गाठ मारली की काम होते. या गोष्टींना पैसे लागत नाहीत, पण आधी विचारावे लागते.

२. यरुशलेमेची मंडळी आणि नावांची यादी

प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये पहिल्या मंडळीतील अन्नवाटपाची तक्रार आली आहे. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांची उपेक्षा होत होती. वाटप चालू होते, अन्न होते, देणारेही भले होते. तरी भाषा वेगळी असलेल्या आणि बोलायला कोणी नसलेल्या बायका सुटून जात होत्या.

प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना कृतघ्न म्हटले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना बोलावले, सात जणांची निवड करायला सांगितले आणि हे काम त्यांच्याकडे सोपवले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांचे लोक सुटत होते त्यांच्यातलीच माणसे व्यवस्थेवर नेमली गेली असावीत. हा धडा आपल्यासाठी मोलाचा आहे. आपल्या वाटप समितीत किती दिव्यांग व्यक्ती आहेत? ज्या गावात आपण जातो तिथे माडिया, गोंडी किंवा कोलामी बोलणारा कोणी आपल्याबरोबर असतो का?

यादीचे काम पूर आल्यावर करता येत नाही, ते उन्हाळ्यातच करावे लागते. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायत यांना बहुतेक घरे ठाऊक असतात. पण काही घरे दिव्यांग मुलाचे नाव सांगत नाहीत. कोणी त्याला देवाचा कोप मानतात, कोणी पूर्वजांचे पाप. आपल्या मंडळ्यांतही असे बोलले जाते, म्हणून योहान ९ ची आठवण ठेवावी. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा येशूने तो प्रश्नच नाकारला. घरात बसून, पाणी पिऊन, मुलाशी बोलून विश्वास मिळवला तरच ते नाव यादीत येते.

याबाबतीत देशाचा कायदाही आपल्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. त्यांत कुष्ठरोगातून बरे झालेले आणि सिकलसेलचे रुग्णही येतात. याच कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आपत्तीच्या वेळी दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने संरक्षण मिळाले पाहिजे, आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवून धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवली पाहिजे. म्हणून आपली यादी आपल्याच कपाटात ठेवू नये. संबंधित व्यक्तीची परवानगी घेऊन ती तहसील कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी.

अन्नाच्या हक्काबद्दलही कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी पाठ ठेवाव्यात.

अंत्योदय शिधापत्रिकेवर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते, आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. हे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. उपजीविकेचे खात्रीचे साधन नसलेली दिव्यांग व्यक्ती कुटुंबप्रमुख असेल, तर ते कुटुंब अंत्योदयच्या निकषात बसते. महाराष्ट्रातील तीन आदिम जमाती म्हणजे माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी. यांपैकी दोन आपल्याच जिल्ह्यांत आहेत आणि त्यांची कुटुंबेही या निकषात येतात.

कंट्रोलच्या दुकानात पॉस मशीनवर अंगठा जुळत नाही म्हणून परत पाठवल्याच्या तक्रारी नेहमी येतात. कुष्ठरोगात बोटे झडलेल्या माणसाने अंगठा कुठून आणावा? केवळ आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ साली राज्यांना कळवले आहे. दुकानापर्यंत जाता येत नसेल तर आपल्या वतीने धान्य उचलणाऱ्या विश्वासू व्यक्तीचे नाव नोंदवता येते. बोटे झिजलेल्यांसाठी चेहऱ्यावरून ई-केवायसी करण्याचे मोबाईल ॲपही आता आहे. दुकानदाराशी भांडण्यापेक्षा आधी शांतपणे ही माहिती द्यावी. ऐकले नाही तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करावी.

पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या आदिवासी गावांत धान्य आधीच पोचवण्याची पद्धत नवसंजीवनी योजनेखाली आहे. पण चार महिन्यांचे धान्य एकदम आले की वाहून नेण्याचा आणि साठवण्याचा प्रश्न चौपट होतो. ज्याला ३५ किलोचे एक पोते उचलत नाही, त्याने १४० किलो कसे न्यायचे? नेलेच तर घूस आणि ओल यांपासून कुठे राखायचे? आपली मदत लागते ती अशा ठिकाणी. सरकारी धान्य आहे तिथे आणखी तांदूळ नेऊन टाकण्यापेक्षा, असलेले धान्य घरापर्यंत वाहून देणारा माणूस, बैलगाडीचे भाडे आणि झाकणाची पत्र्याची कोठी यांचा खर्च जास्त कामाचा ठरतो.

हे आकड्यांचे आणि कागदाचे काम रूक्ष वाटेल. स्तेफनाला आणि त्याच्या सोबत्यांना ते सोपवताना प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली, हे विसरू नये.

३. राजाच्या मेजावर मफीबोशेथ

योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ ५ वर्षांचा होता तेव्हा शौल आणि योनाथान लढाईत मारले गेल्याची बातमी आली. दाई त्याला घेऊन घाईने पळाली, तो पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला (२ शमुवेल ४:४). म्हणजे त्याचे अपंगत्व त्या पळापळीतलेच. पुढे तो लो-दबार येथे दुसऱ्याच्या घरी राहिला. दावीदाने त्याला बोलावून घेतले, तेव्हा तो इतका दबलेला होता की त्याने स्वतःला मेलेल्या कुत्र्यासारखे म्हटले.

दावीदाने त्याला काय दिले ते क्रमाने वाचा. पहिल्यांदा त्याने मफीबोशेथाची भीती घालवली. मग त्याच्या आजोबाची जमीन त्याला परत दिली. ती त्याच्या हक्काचीच होती. मग सीबा, त्याचे १५ मुलगे आणि २० चाकर यांना ती जमीन त्याच्यासाठी कसायला लावली, कारण जमीन मिळूनही ती कसणे त्याला शक्य नव्हते. आणि शेवटी त्याला राजपुत्रांप्रमाणे आपल्या मेजावर कायमची जागा दिली. हक्क, हक्क वापरता यावा म्हणून मदतनीस, आणि बरोबरीने बसण्याची जागा, हे तिन्ही त्याला मिळाले. अध्यायाचे शेवटचे वाक्य तो दोन्ही पायांनी लंगडा होता असेच सांगते. मेजावर बसण्यासाठी त्याला आधी बरे व्हावे लागले नाही.

आता आपल्या वाटपाची छायाचित्रे डोळ्यांपुढे आणा. एका हातात शिध्याची पिशवी, मागे संस्थेचा फलक, देणारे हसत आहेत आणि घेणारा खाली पाहत आहे. या त्रैमासिकातही अशी छायाचित्रे आली आहेत. देणगीदारांना हिशेब हवा असतो हे मला मान्य आहे, पण हिशेब पावतीने देता येतो. बऱ्याच दिव्यांग व्यक्तींना फोटोसाठी पुढे बसवले जाते, कारण त्यांना पाहून लोकांना कळवळा येतो. एकदा गावासमोर असा फोटो निघाला की पुढच्या वाटपाला तो माणूस येत नाही, उपाशी राहतो. माझी विनंती आहे की अन्न हातात देताना कोणाचाही फोटो घेऊ नये, आणि फोटो नसलेल्या अहवालाला तुम्ही कमी लेखू नये.

तसेच अन्न देण्यापूर्वी कोणाला प्रार्थनेला बसवू नये. भुकेलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, मग त्याच्या होय म्हणण्यालाही अर्थ राहत नाही. ज्याला प्रार्थना हवी तो मागतो, आणि आपण आनंदाने करतो. पण धान्याची पिशवी त्या अटीला बांधलेली नसावी. येशूने लूक १४ मध्ये मेजवानीला गरीब, लुळे, लंगडे, आंधळे यांना बोलवायला सांगितले ते त्यांच्याकडून परतफेड होत नाही म्हणूनच.

मराठी ख्रिस्ती लोकांना याचा एक जुना दाखला घरातलाच आहे. पंडिता रमाबाईंचे आई-वडील त्यांच्या तरुणपणीच दुष्काळात गेले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. तिथून त्यांनी शेकडो मुली-बायकांना बरोबर आणले आणि केडगावला मुक्तीत आसरा दिला. दुष्काळ संपल्यावर त्यांनी त्यांना परत रस्त्यावर सोडले नाही. मुक्तीत अंध स्त्रियाही होत्या. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई स्वतः ब्रेल लिपी शिकल्या आणि त्यांनी या स्त्रियांना वाचायला शिकवले. दुष्काळातल्या घासापासून सुरू झालेली मदत अशी पुढे गेली.

दुसरा दाखला आपल्या जिल्ह्यातला आहे. १९४९ साली वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांबरोबर आनंदवन उभे करायला घेतले. ज्यांना लोक भीक घालत होते त्यांनी खडकाळ जमिनीतून धान्य आणि भाजीपाला काढला. सुरुवातीला तो भाजीपाला विकत घ्यायला गावचे लोक कचरत. म्हणजे दिव्यांगांना देणे लोकांना सोपे होते, त्यांच्या हातचे घेणे अवघड. आपल्या मंडळीत दिव्यांग बहिणीने शिजवलेला भात प्रीतिभोजनात वाढला जातो का? ती दानपेटी घेऊन फिरते का? मेजावर जागा देण्याचा अर्थ इथपर्यंत जातो.

मंडळ्यांनी करण्यासारखे

१. पावसाआधी आपल्या भागातील दिव्यांगांची यादी घरोघर जाऊन करावी. नावापुढे दिव्यांगत्व लिहून थांबू नये. धान्य कोण आणेल, कोण शिजवेल, कोणती भाषा बोलतात, तेही लिहावे.

२. प्रत्येक अशा घरासाठी एक जोडीदार ठरवावा, शक्यतो शेजारचाच, आणि त्याला वाहून आणण्याचा मोबदला आपण द्यावा, म्हणजे तो धान्यातून कापला जाणार नाही.

३. वाटपाच्या दिवशी घरपोच वाटप आधी आणि रांग नंतर. रांगेत सावली, पाणी आणि बसायला जागा असावी. पोती ५-५ किलोच्या पिशव्यांत भरावीत.

४. निरोप तीन प्रकारे द्यावा: दवंडीने, घरी जाऊन, आणि ऐकू न येणाऱ्यांना खुणांनी किंवा चित्राने.

५. शिधापत्रिका, दिव्यांग प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) नसलेल्यांची वेगळी यादी करावी. सिरोंच्याहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय सुमारे २०० किलोमीटर आहे. सोबतीला माणूस आणि गाडीभाडे मिळाले नाही तर तो कागद कधीच तयार होत नाही. या प्रवासासाठी मंडळी निधी बाजूला ठेवू शकते.

६. वर्षातून एकदा दिव्यांग बांधवांनाच विचारावे, आमचे कुठे चुकते? आणि ते सांगतील ते लिहून घ्यावे.

गटचर्चेसाठी प्रश्न

- आपल्या गावात किंवा वस्तीत गेल्या वाटपाला कोण आले नव्हते? त्यांची नावे आपल्याला सांगता येतात का?
- मफीबोशेथाला फक्त जमीन मिळाली असती आणि सीबाची मदत मिळाली नसती तर काय झाले असते? आपण कोणाला असे अर्धेच देतो का?
- आपल्या उपासनागृहाच्या पायऱ्या कोणाला बाहेर ठेवतात?

प्रार्थनेचे विषय

पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांसाठी, नदी ओलांडून जाणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी, आशाताई व अंगणवाडी सेविकांसाठी, आणि ज्या दिव्यांग बांधवांची नावे अजून कोणत्याच यादीत नाहीत त्यांच्यासाठी प्रार्थना करा. त्यांच्या घरापर्यंत जाण्याची वाट प्रभू आपल्याला दाखवो आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याचा धीर देवो. आमेन.